शब्दचर्चा : 'एव्हरग्रीनिंग'ला 'नवं-जुनं' म्हणावं का?

विचारणा : वाणिज्य शाखेची प्राध्यापिका, कोल्हापूर

एम. कॉम.च्या मुलांसाठी बँकिंग आणि व्यवस्थापनातल्या संशोधनाची मराठीत ओळख करून देणारी पुस्तिका लिहिते आहे. विकसनशील देशांतल्या बँका, कारखाने, सहकारी संस्था यांवरचे निवडक शोधनिबंध सोप्या भाषेत सांगायचे आहेत. मुलं राधानगरी, भुदरगड, शिरोळकडची. गावच्या विकास सोसायटीचं पीक कर्ज, दूध संस्थेचं बिल, आईची भिशी हे सगळं त्यांनी घरात पाहिलेलं असतं. पण तोच विषय पुस्तकात आला की भाषा परकी होते आणि मुलं गप्प बसतात.

सध्या 'एव्हरग्रीनिंग'पाशी अडले आहे. जुनं कर्ज फिटत नाही हे ताळेबंदात दिसू नये म्हणून बँक त्याच कर्जदाराला नवं कर्ज देते आणि त्यातूनच जुनं भरून घेते, असा त्याचा अर्थ. काही ठिकाणी 'सदाहरित कर्ज' असं भाषांतर दिसतं. पण सदाहरित म्हटलं की आपल्याला दाजीपूरचं जंगल आठवतं, बुडीत कर्ज नाही. वर्गात एका मुलानं विचारलं, "मॅडम, म्हणजे सोसायटीत नवं-जुनं करतात तेच का?" आणि सगळ्या वर्गाला एकदम अर्थ लागला. शब्द इतका तयार मिळाल्यावर तोच घ्यावासा वाटतो, तरी मन कचरतंय. जाणकारांनी सांगावं.

गटसचिव, कागल तालुका

मॅडम, कचरताय ते बरोबरच आहे. नवं-जुनं हा आमचा रोजचा शब्द. त्यात लबाडी आहे असं आमच्यात कुणी धरत नाही. तुमच्या पुस्तकात तो लबाडीच्या अर्थानं छापला गेला, तर उद्या तेच पोरगं बँकेत साहेब होऊन बसल्यावर प्रत्येक सभासदाकडं संशयानं बघायला लागंल.

असं होतं बघा. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज केंद्राच्या सवलतीमुळं सात टक्क्यांनी मिळतं. वेळेत भरलं की आणखी तीन टक्के सूट. उरलेल्या व्याजाचा भार राज्य सरकारची डॉ. पंजाबराव देशमुख योजना उचलते. म्हणजे वेळेत भरणाऱ्याला कर्ज बिनव्याजी पडतं. पण ही सवलत कर्ज उचलल्यापासून जास्तीत जास्त वर्षभराची.

आता उसाची आडसाली लावण घ्या. जुलै-ऑगस्टात लावण, तोड सोळा ते अठरा महिन्यांनी. मुदत संपते तेव्हा ऊस रानात पुरुषभर उभा असतो, पण तोड नाही म्हणून बिल नाही. मग शेतकरी काय करतो? पाहुण्याकडनं, दूध बिलातनं, नाहीतर सोनं तारण ठेवून चार दिवसांसाठी पैसे उभे करतो. जुनं भरतो, नवं उचलतो, हातउसने परत देतो. ह्याला आम्ही नवं-जुनं म्हणतो. सात-बाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा इकरार (कर्जाचा बोजा) असतो, आणि ऊस गेला की कारखाना सोसायटीची कपात करूनच बाकीचं बिल खात्यावर जमा करतो. ह्यात झाकलं काय? ऊस रस्त्यावरनं दिसतो की.

प्राध्यापिका

सचिव दादा, हे फार उपयोगाचं सांगितलंत. सवलतीची वर्षाची मुदत आणि आडसालीचे अठरा महिने या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही, हे एवढ्या सरळ शब्दांत मी कुठं वाचलं नव्हतं. पण झाकण्यासाठी केलेलं नवं-जुनं नसतंच का?

गटसचिव

असतं की, नाही कशाला म्हणू. रान पडून आहे, नाहीतर पुरात गेलंय, तरी क. म. पत्रकात ऊस दाखवून उचल करायची. रोकड हलतच नाही. त्याला आम्ही 'कागदोपत्री नवं-जुनं' म्हणतो. वेगळा शब्द नाही. (क. म. पत्रक म्हणजे कमाल मर्यादा पत्रक. कुणाचं कुठलं पीक किती क्षेत्रावर आणि त्यावर किती कर्ज बसतं, त्याचा तक्ता.)

निवृत्त लेखापरीक्षक, शाहूपुरी

सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण हे माझं आयुष्यभराचं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कागदोपत्री नवं-जुनं किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) कसं दिसतं ते सांगतो. मुदत चुकलेलं एक खातं घ्या. मुद्दल १,५०,०००, हिशेबाला सोपं म्हणून वर्षाचं व्याज दहा टक्के धरू. एका तारखेला जमा बाजूला त्या सभासदाच्या नावानं १,६५,००० भरणा. त्याच तारखेला नावे बाजूला त्याच सभासदाला नवं कर्ज, तेही १,६५,०००. रोकड शिल्लक सकाळी होती तेवढीच संध्याकाळी. पुढच्या वर्षी हाच आकडा १,८१,५०० होतो. खऱ्या शेतीकर्जाचा आकडा क्षेत्र आणि हेक्टरी दरावरून ठरतो, तो असा व्याजाच्या मापानं वाढत नाही. मग हा वाढलेला आकडा बसवायला क. म. पत्रकातलं क्षेत्र वाढवावं लागतं. रान तेवढंच राहतं आणि कागदावरचा ऊस वाढत जातो. मी खतावणी उघडली की आधी हे बघायचो: नवं कर्ज जुन्याच्या मुद्दल अधिक व्याजाइतकं, पैशापर्यंत जुळणारं आहे का?

रिझर्व्ह बँकेच्या मालमत्ता वर्गीकरणाच्या निकषांतही हाच धागा आहे. अनुत्पादक (ठरलेल्या मुदतीपलीकडं थकलेल्या, म्हणजे एनपीए) खात्यातली वसुली उत्पन्नात धरायची, तर तो भरणा त्याच कर्जदाराला दिलेल्या नव्या किंवा वाढीव कर्जातून आलेला नसावा. ताळेबंदाच्या तारखेच्या तोंडावर खात्यात एखाददुसरा भरणा दिसला, तर तेवढ्यावरून खातं चांगलं धरू नये, असंही त्यात आहे. थोडक्यात, भरणा झाला का एवढं विचारून भागत नाही, भरणा कुठून आला हे विचारायचं.

आता सचिव साहेबांना एक अडचण दाखवतो, राग मानू नये. त्यांच्या आडसालीवाल्या शेतकऱ्यानंही हातउसने आणून जुनं भरलं आणि नव्या कर्जातून हातउसने फेडले. मधला पाहुणा बाजूला काढा. जुनं कर्ज नव्यातूनच फिटलं ना? म्हणजे 'पैसा कुठून आला' हा एकच प्रश्न विचारला, तर हा प्रामाणिक शेतकरीही सापडतो. म्हणून दुसरा प्रश्न लागतो: नव्या कर्जामागं पीक उभं आहे का? आडसालीवाल्याच्या मागं ते आहे, कागदोपत्रीवाल्याच्या मागं नाही. पीक कर्ज अनुत्पादक कधी धरायचं याची मुदत रिझर्व्ह बँकेनंही हंगामावरच बांधली आहे. कमी मुदतीच्या पिकाला थकल्यापासून दोन हंगाम, वर्षापेक्षा लांब पिकाला एक हंगाम. इतर कर्जांना २००४ पासून ९० दिवस आहेत, ते इथं लागू नाहीत. पण व्याज सवलतीचं घड्याळ वेगळं चालतं आणि शेतकरी त्या घड्याळाला धरून धावतो, कारण सवलत गेली तर ते नुकसान रोख असतं.

तेव्हा प्राध्यापिकाबाई, नुसतं 'नवं-जुनं' घेऊ नका. तो व्यवहाराचा शब्द आहे. तुम्हाला हवा आहे तो हेतू सांगणारा शब्द.

संशोधक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

सर म्हणतात तेच संशोधनाच्या बाजूनं मांडतो. अर्थतज्ज्ञ जो पीक (Joe Peek) आणि एरिक रोझेनग्रेन यांचा जपानवरचा २००५ मधला निबंध या विषयात नेहमी येतो. १९९० च्या दशकात जपानी बँका सर्वांत कमकुवत कंपन्यांनाच जास्त कर्ज देत राहिल्या, कारण त्यांची खाती बुडीत दाखवली असती तर बँकांचं स्वतःचं भांडवल उघडं पडलं असतं. म्हणजे झाकायची गरज कर्जदारापेक्षा बँकेला जास्त. मॅडम, शब्द ठरवताना हे ध्यानात ठेवावं लागेल. 'नवं-जुनं' म्हटलं की करणारा शेतकरी डोळ्यांपुढं येतो. एव्हरग्रीनिंगमध्ये कर्ता बँक असते.

दुसरा निबंध काबालेरो, होशी आणि कश्यप यांचा, २००८ चा. कुठली कंपनी नुसती कर्जावर तगवून ठेवली आहे हे ओळखायला त्यांनी एक कसोटी वापरली. सर्वांत भरवशाच्या कंपनीलाही जे किमान व्याज पडेल, त्याच्याही खाली एखादी कंपनी व्याज भरत असेल, तर बँक तिला पोसते आहे असं धरायचं. अशा कंपनीला 'झॉम्बी' म्हणतात. जपानसाठी कसोटी उत्तम. पण हीच आपल्या पीक कर्जाला जशीच्या तशी लावली, तर वेळेत भरणारा, बिनव्याजी कर्ज घेणारा कागलचा शेतकरी सगळ्यात आधी 'झॉम्बी' ठरेल! तिथं व्याजाची सूट बँक स्वतःच्या पदरची देत होती, इथं ती सरकारच्या तिजोरीतून येते. विकसनशील देशांवरचं संशोधन वाचताना मला हीच गोष्ट सारखी खटकते. कसोटी एका देशातल्या बँकांवर घडते आणि दुसऱ्या देशात नेताना व्याज कोण भरतंय हे कुणी विचारत नाही.

भारतापुरतं बोलायचं तर मोठ्या उद्योगांच्या कर्जांत झाकपाक झाली तिचा काळ माहीत आहे. २००८ च्या जागतिक संकटानंतर पुनर्गठित (मुदत, हप्ते बदलून दिलेलं) कर्ज 'उत्पादक' म्हणूनच दाखवायची मुभा बँकांना मिळाली, ती एप्रिल २०१५ मध्ये संपली. रघुराम राजन गव्हर्नर असताना २०१५ मध्येच रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या कर्जखात्यांची कसून तपासणी केली. पुढं मार्च २०१८ पर्यंत ढोबळ अनुत्पादक कर्जांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेलं. ती सगळी कर्जं काही तीन वर्षांत बिघडली नव्हती. बरीचशी आधीच बिघडलेली होती, ती तेव्हा दिसायला लागली.

'झॉम्बी फर्म'ला मी माझ्या टिपणात 'कर्जावर तगवलेली कंपनी' लिहितो. 'आजारी उद्योग' नको, कारण आजारी हा कायद्यातला शब्द होता आणि आजारी कारखाना आपलं आजारपण जाहीर करून मदत मागतो.

यंत्रमागधारक, इचलकरंजी

एक सूचना. 'कर्ज फिरवणं' हा शब्द कुणी सुचवेल, तो घेऊ नका. आमच्याकडं सीसीचं (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) खातं फिरतं असणं चांगलं. सूत घेतलं, कापड गेलं, पैसे आले, परत सूत. बँकेचे साहेबच सांगतात, खातं फिरतं ठेवा. थांबलेलं खातं वाईट.

बाकी ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर हा वाक्प्रचार जवळचा आहे, पण तो दोन माणसांतला. इथं टोपी त्याच डोक्यावर परत येते.

प्राध्यापिका

मग 'थकबाकी झाकण्यासाठी नवं-जुनं' असं पहिल्यांदा पूर्ण लिहिते, पुढं 'झाकलेली थकबाकी' असं आटोपशीर वापरते. आणि 'एव्हरग्रीनिंग' हा शब्द देवनागरीत एकदा देते, म्हणजे मुलं मूळ निबंधाकडे गेली तर अडणार नाहीत.

जाता जाता आणखी एक. 'ऑर्गनायझेशन'ला अभ्यासक्रमात 'संघटन' आहे. पण कोल्हापुरात संघटना म्हटलं की ऊसदराचं आंदोलन आणि संस्था म्हटलं की दूध संस्था. काय करू?

निवृत्त लेखापरीक्षक

'संस्था'च ठेवा. दूध संस्थेतही अध्यक्ष, सचिव, सभासद, नियम, वाद सगळं असतंच. मुलांना त्यातून ऑर्गनायझेशन कळायला सोपं जाईल.

गटसचिव

मॅडम, एक शब्द आमच्याकडनं पुस्तकात घाला. 'अनिष्ट तफावत'. सभासदांकडं सोसायटीचं जेवढं येणं आहे, त्यापेक्षा सोसायटीचं जिल्हा बँकेला देणं जास्त झालं, की मधला फरक म्हणजे अनिष्ट तफावत. सगळ्या सभासदांनी पै न पै भरली तरी बँकेचं कर्ज फिटत नाही. वसूल आलेला पैसा बँकेत न भरता दुसरीकडं खर्च झाला की ही तफावत पडते, आणि एकदा पडली की गावातल्या नियमित कर्जदारालाही नवं कर्ज मिळायची पंचाईत. तो बिचारा वेळेत भरून बसलेला असतो.

संशोधक विद्यार्थी

सचिव साहेब, हे तर संशोधनाला हवंच. जे निबंध मी वाचतो त्यांत बँक आणि कर्जदार असे दोनच पक्ष असतात. इथं मधे सोसायटी आहे आणि तोटा नेमका तिथं साचतो. बँकेच्या ताळेबंदात तो दिसत नाही, शेतकऱ्याच्या उताऱ्यावरही दिसत नाही.

निवृत्त लेखापरीक्षक

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय तो दिसत नाही, हे खरं. लेखापरीक्षणात म्हणूनच सभासद येणे बाकीची यादी आणि बँकेचा बाकी दाखला एकाच तारखेचे मागतात. दोन वेगळ्या तारखांचे कागद पुढं केले तर तफावत सहज दडवता येते. बाईंनी पुस्तिकेत उदाहरण दिलंच, तर दोन्हीकडं ३१ मार्च लिहावं.

प्राध्यापिका

लिहिते. व्याख्येचा मसुदा असा केला आहे: "परतफेडीची क्षमता उरलेली नसताना, थकबाकी ताळेबंदात दिसू नये म्हणून बँकेने त्याच कर्जदाराला नवे कर्ज देऊन त्यातून जुने भरून घेणे. पीक उभे असताना मुदतीसाठी केलेले नवं-जुनं यात मोडत नाही." सचिव दादा, दुसरं वाक्य तुमच्यामुळे आलं. चालेल ना?

गटसचिव

चालतंय. फक्त 'त्याच कर्जदाराला'च्या पुढं 'किंवा त्याच्या घरच्याच्या नावावर' एवढं घाला. जुनं बापाचं आणि नवं पोराच्या नावानं, हे बी असतंय.