९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या लाइनला पाइप-व्हॉल्व्ह कुठले टाकू? (मच्छे, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

मच्छेला आमचं ॲनोडायझिंगचं (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढवायचं) छोटं युनिट आहे, मेंटेनन्स माझ्याकडे. आतापर्यंत ॲसिड कॅनमधून यायचं, आता टँकरनं घ्यायचं ठरलंय. आवारात एमएसची (साध्या पोलादाची) टाकी, तिथून पंपानं ३० मीटरवर शेडमधल्या डे-टँकपर्यंत (रोजच्या वापराच्या छोट्या टाकीपर्यंत) न्यायचं. पंप तासाला २,००० लिटरचा, लाइन २५ मिमीची धरलीय.

शहापूरचा दुकानदार म्हणतो सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) टाका, सगळं चालतं. फॅब्रिकेटर म्हणतो एमएस शेड्यूल ८० (जाड भिंतीचा पाइप). मालकांना ३१६ हवंय, कारण स्टेनलेस म्हटलं की त्यांना झोप लागते.

उद्यमबागेत एका प्लेटिंगवाल्याकडे एमएसची जुनी लाइन बघून आलो. व्हॉल्व्हच्या ग्लँडभोवती (दांड्याच्या सीलभोवती) पांढरट-हिरवट पापडी जमलेली. कापून काढलेल्या आडव्या पाइपचा तळ शाबूत, पण आतून माथ्यावर लांबच लांब चर. माथाच का खाल्ला? शिवाय आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, चार महिने भिंतीसुद्धा वाळत नाहीत. त्याचा त्रास होईल का?

उत्तर

ते चर हायड्रोजनचे. ॲसिड लोखंडावर फेरस सल्फेटचा थर बसवतं, आणि त्या थराच्या जिवावरच एमएस टिकतं. पाइपमध्ये ॲसिड भरून न वाहता पडून राहिलं की हायड्रोजनचे बुडबुडे माथ्याला धरून सरकतात आणि थर खरवडत जातात. पापडीसुद्धा त्याच सल्फेटची, म्हणजे ग्लँड गळतोय.

थर वेगानंही धुतला जातो. एमएसमध्ये सेकंदाला ०.९ मीटरच्या आत राहा, ॲसिडही ४० अंशांच्या वर नको. तुमच्या २५ मिमी शेड्यूल ८० मध्ये २,००० लिटरला वेग १.२ च्या आसपास जातो. तोच पंप ४० मिमीला लावा, अर्ध्या मीटरवर येतो. पाइप थोडा महाग पडेल, पण मालकांना ३१६ पेक्षा हे पटवणं सोपं जाईल. ३१६ वाईट नाही, साध्या तापमानाला ९८ टक्के सोसतं. पण ॲसिड पातळ झालं की तेही जातं, आणि एमएस तर भराभर.

म्हणून पाऊस हाच खरा शत्रू. ९८ टक्के ॲसिड हवेतलं पाणी ओढतं. लाइन रिकामी करून तोंड उघडं सोडलंत तर आतल्या ओल्या थराचं पातळ ॲसिड होतं. लाइनला टाकीकडे उतार द्या, काम झालं की रिकामी करून बंद ठेवा. टाकीच्या व्हेंटला सिलिका जेलचा ब्रीदर बसवा. डे-टँकजवळचा शेवटचा तुकडा पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराचा घ्या, तिथे टबाची वाफ लागते.

व्हॉल्व्ह अलॉय २० (ॲसिड सोसणारा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) चा किंवा पीटीएफई अस्तराचा. बॉल व्हॉल्व्ह घेतलात तर बॉलला दाब सुटायचं छोटं भोक पाडलेला मागा, नाहीतर पोकळीत अडकलेलं ॲसिड तापून दाब धरतं. पितळ, गनमेटल, जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) जवळसुद्धा आणू नका. गॅस्केट पीटीएफईचं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) ९८ टक्क्यांना कडक होऊन तडकतो. सीपीव्हीसीबद्दल एवढंच, की शेडमध्ये ट्रॉली धडकली तर तो फुटतो, आणि त्याखालून माणसं जातात.

दुसरं उत्तर

वरच्यांचं पटलं. भर एवढीच, की प्रत्येक फ्लँजवर शील्ड घाला. आणि पुढे कधी टाकी-पाइपवर वेल्डिंग करायचं तर आतला हायड्रोजन घालवल्याशिवाय ग्राइंडरची ठिणगीसुद्धा नको. फॅब्रिकेटरला हे लेखी द्या, तोंडी ऐकत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता

४० मिमी एमएस आणि अलॉय २० चे व्हॉल्व्ह मालकांना सांगतो. टँकरवाल्याच्या होसला ॲल्युमिनियमचं कपलिंग आहे, ते चालेल का?

उत्तर

नाही. ३१६ चं कपलिंग आणि पीटीएफई अस्तराचा होस तुमचा स्वतःचा ठेवा. सेफ्टी शॉवर टँकर उभा राहतो तिथून चालत १० सेकंदांत गाठता यायला हवा, आणि टँकर लावायच्या आधी त्याला पाणी येतंय का ते बघा.