'फॅटिगेट' या लुप्त इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि व्युत्पत्ती

प्रश्न:
शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस' नाटकात, दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, कॉमिनिअस रणांगणावरील पराक्रम सांगत असताना 'फॅटिगेट' हा शब्द येतो. संदर्भाने 'थकलेले' असा अर्थ लागतो; कोशात मात्र तो 'थकविणे' या अर्थाचे, आता प्रचारातून गेलेले क्रियापद म्हणूनही दिला आहे. मग याला विशेषण म्हणावे की क्रियापद? तसेच 'दैव' या अर्थाच्या 'फेट'शी त्याचे नाते आहे काय?

उत्तर १:
दोन्ही म्हणावे. लॅटिनमध्ये 'फातिगारे' म्हणजे थकविणे आणि 'फातिगातुस' म्हणजे थकविलेला. 'श्रांत', 'क्लांत' यांतील 'त' आणि 'फातिगातुस'मधला 'त' एकाच मुळाचे आहेत. इंग्रजीने हे धातुसाधित शेपूट छाटून उचलले, विशेषण म्हणून वापरले आणि त्याचेच क्रियापदही केले. आपण म्हणता त्या ओळीत ते विशेषण आहे: दुणावलेल्या उमेदीने थकल्या देहात पुन्हा जीव ओतला, असा तिथला भाव आहे.

'फेट'शी नाते नाही. तो 'फातुम'वरून आला, आणि 'फातुम' हे 'बोलणे' या अर्थाच्या 'फारी'चे रूप आहे.

उत्तर २:
थोडी पुस्ती जोडतो. 'नॅव्हिगेट'मधला 'ग' हा 'आगेरे', म्हणजे हाकणे, या धातूचा अवशेष आहे. संस्कृतातील 'अज्' (अजति, म्हणजे हाकतो) त्याच कुळातला. लॅटिन 'नाविस' म्हणजे आपली नावच, तेव्हा नाव हाकणे ते 'नॅव्हिगेट'. 'फातिगारे'ही त्याच साच्यातले दिसते, आणि त्याचे पूर्वपद 'भरपूर, पुरेसे' या अर्थाच्या 'आफ्फातिम'शी जोडले जाते. एखाद्याला 'पुरे' म्हणेपर्यंत पिटाळणे, असा अर्थ त्यातून निघतो, आणि मला तो पटतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग 'फॅटीग' टिकला आणि हाच का गेला?

उत्तर ३:
सोळाव्या शतकात लॅटिनमधून थेट शब्द उचलण्याची लाटच आली होती. अशा शब्दांना 'शाईच्या दौतीतले शब्द' म्हणून हिणवले जाई; टॉमस विल्सनने १५५३ मध्ये तसल्या शब्दांनी ठासून भरलेले एक पत्रच थट्टेखातर छापले. तथापि केवळ पंडिती असल्यामुळे हा शब्द गेला, असे मला वाटत नाही, कारण 'मिटिगेट', 'लिटिगेट' त्याच घडणीचे असूनही राहिले. फ्रेंचमार्गे आलेला, आटोपशीर 'फॅटीग' तेच काम करू लागल्यावर याची गरज उरली नसावी. 'अथक' या अर्थाचा 'इनडिफॅटिगेबल' मात्र, एवढा लांबलचक असूनही, आजही वापरात आहे.