प्रोग रॉकचे शब्द कागदावर कविता म्हणून टिकतात का?

लोकलमधला_श्रोता
दादरच्या आमच्या कवितावाल्या ग्रुपमध्ये परवा जाम वाद झाला. एकाचं म्हणणं, प्रोग रॉकचे (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) शब्द म्हणजे नुसता धूर, गिटार आणि किबोर्ड काढून घेतले तर खाली काही उरत नाही. मला हे अजिबात पटत नाही. मर्ढेकर, ग्रेस वाचणाऱ्या माणसाला तुम्ही कुठलं गाणं द्याल आणि त्यातली कुठली प्रतिमा दाखवाल? नुसती नावं नकोत, का ते पण सांगा.

गिरगाव_साइड_बी
पिंक फ्लॉइडचं 'टाइम' दे, १९७३ चं, शब्द रॉजर वॉटर्सचे. पहिल्या भागाच्या शेवटी येतं की शर्यत सुरू करायचा बार कधी उडाला ते तुला कळलंच नाही. मग गिटारिस्ट गिल्मरचा लांबलचक गिटार सोलो, आणि तो संपल्यावर दिसतं की हा माणूस सूर्याला गाठायला पळतोय, आणि सूर्य बुडून, गोल फिरून परत याच्याच पाठीमागून वर येतोय. म्हणजे आधी वाटतं शर्यत बाकीच्या लोकांशी आहे, नंतर कळतं ती सूर्याशी आहे, तिथे हरणं ठरलेलंच. एकच रूपक धरून ठेवायचं आणि मध्येच त्याचा अर्थ फिरवायचा, ही कविता नाही तर काय! आणि मधला सोलो काढायचाच नाही, कारण वर्षं निघून जातात ती तिथेच. सुरुवातीला घड्याळं वाजून गेल्यावर पण पहिला शब्द यायला दोनेक मिनिटं जातात, आपण नुसते वाट बघत बसतो, आणि गाणं नेमकं अशा बसून राहण्याबद्दलच आहे.

पार्ल्याची_मीरा
टाइमबद्दल शंभर टक्के, पण सगळ्या प्रोगला कविता म्हणू नका प्लीज. येस बँडचं 'क्लोज टू द एज' (१९७२) मला प्रचंड आवडतं, हेसेच्या 'सिद्धार्थ' कादंबरीवरून सुचलेलं, नदी वगैरे सगळं आहे त्यात, पण त्यांचा गायक जॉन अँडरसन शब्द निवडतो ते बरेचसे आवाजासाठी. ग्रेसमध्ये पण नाद आधी पोचतो आणि अर्थ मागून, तरी ग्रेसची प्रतिमा कागदावर उभी राहते, इथे ती विरघळते. त्यापेक्षा किंग क्रिम्सनचं 'एपिटाफ' वाच, १९६९. पीटर सिनफिल्ड बँडमध्ये होता तो मुळात शब्दांसाठी. प्रेषितांनी ज्या भिंतीवर लिहिलं त्या भिंतीलाच तडे जातायत, अशी सुरुवात आहे, मर्ढेकरवाल्याला ती लगेच भिडेल.

भारूड_ते_ड्रम्स
रश बँडचं 'द ट्रीज' (१९७८) कसं विसरलात? शब्द ड्रमर नील पर्टचे. मेपलची झाडं तक्रार करतात की ओक उंच वाढून सगळं ऊन खातात, भांडण वाढतं, कायदा होतो, आणि शेवटी कुऱ्हाड-करवतीने सगळी झाडं सारखी केली जातात. आपल्याकडे एकनाथांचं विंचवाचं भारूड आहे ना, तसं सरळ रूपक, फक्त नाथ पहिल्याच ओळीत सांगून टाकतात की विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि पर्ट शेवटपर्यंत काहीच उलगडत नाही, म्हणून लोक अजून भांडतात की मेपल कोण आणि ओक कोण. मला हे न सांगणंच जास्त ताकदीचं वाटतं.

पार्ल्याची_मीरा
@भारूड_ते_ड्रम्स इथे मी नाथांच्या बाजूने. विंचू कोण ते आधीच माहीत असूनही पुढे वेदना चढत जाते, ते जास्त अवघड आहे.

लोकलमधला_श्रोता
भारी! रविवारी 'टाइम' आणि 'द ट्रीज' दोन्हीचे प्रिंट घेऊन जातो, आधी फक्त वाचायचे, मग सोलोसकट ऐकायचं. भारूड पण नेतो, मीराताईचा मुद्दा तिथे मांडायचाच आहे.