घसरगुंडीखाली गट्टू कुणी सांगितले बसवायला?

परभणीकर: आमच्या कॉलनीच्या बागेतली सहा फुटी पत्र्याची घसरगुंडी काढून फायबरची बुटकी बसवली. खरी घसरगुंडी पत्र्याचीच. आम्ही जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या उतारावर चपला बुडाखाली घेऊन घसरलो, कुणी मेलं नाही. आताच्या आयांनी लेकरं काचेत ठेवलीत.

लातूरची आई: "कुणी मेलं नाही" वाचून राहवलं नाही. एप्रिलात दुपारी त्या पत्र्यावर तळहात ठेवून बघा. ४२ डिग्रीत माझ्या भाचीच्या मांड्यांना फोड आले होते. पत्रा सावलीत तरी हवा, नाहीतर घसरगुंडीचं तोंड उत्तरेला तरी. आणि काचेत ठेवण्याचं म्हणाल, तर माझा मुलगा दीड वर्षाचा असताना एकटा पडेल म्हणून मी त्याला मांडीवर घेऊन घसरले. त्याच्या बुटाचा रबरी तळ कडेला चिकटला आणि माझं वजन पुढं निघालं. नडगीला चीर गेली. एकटा असता तर पाय अडकल्यावर तिथंच थांबला असता. डॉक्टर म्हणाले, मांडीवरून घसरलेली लेकरं अशीच येतात.

परभणीकर: वाईट वाटलं ताई. पण यात घसरगुंडीचा काय दोष? मांडी तुमची होती.

लातूरची आई: माझीच होती. ती आठवण मला आजही झोपू देत नाही, म्हणूनच लिहिलं. दुसऱ्या आईनं तसं करू नये.

जालन्याचा गुत्तेदार: दोघं वरचंच बघताय. मार बसतो तो खाली काय आहे त्यावर. जिथं जावं तिथं घसरगुंडीखाली सिमेंटचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक! मीही बसवलेत, एस्टिमेटमध्ये तेच असतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची पुस्तिका सांगते, उताराची सरासरी ३० अंशांच्या आत आणि चहूबाजूंनी ६ फूट मऊ जागा. ९ इंच वाळू धरली तर २० बाय १४ च्या खड्ड्याला २१० घनफूट. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तर दोन ब्रासचा खेळ आहे.

गंगाखेडचा: दोन ब्रास आणायची कुठून? गोदाकाठी राहून आम्हाला वाळू मिळत नाही. रात्रभर वाळूचे हायवा टिप्पर पळतात, रस्त्याची चाळण झाली. आमच्या शाळेत खड्डा भरला होता, आठ दिवसांत लोकांनी पोत्यांनी उचलून नेली.

नांदेडकर: पोत्यानं नेणाऱ्याचं घर अडलेलं असतं. कागदावर घरकुलाला पाच ब्रास मोफत, माझ्या चुलत्यानं तीन महिने चकरा मारल्या. हायवावाल्याला कुणी अडवत नाही, पोतंवाला मात्र लगेच चोर.

गंगाखेडचा: चोरच! माझी पुतणी त्याच रिकाम्या खड्ड्यात पडली, कोपर निखळलं. तुमच्या चुलत्याला सांगा हे.

नांदेडकर: चुलत्यानं तुमची वाळू नेली का? तोंड सांभाळून लिहा.

गंगाखेडचा: त्यांचं नाव घ्यायला नको होतं. पण पोतंवाल्याला मी माफ करणार नाही.

नांदेडकर: मग दगड फोडून केलेली क्रश सँड टाका, ती कुणी चोरत नाही.

जालन्याचा गुत्तेदार: ती चालणार नाही. तिचे कण धारेचे, त्यात भुकटी. दोन पावसांत कोबा होतो. नदीची गोल वाळूच हवी, आणि तीही मधूनमधून फावड्यानं उकरावी लागते.

बीडच्या बाई: वाळूवरून भांडताना ओढणी अडकते हे विसरलात सगळे. आमच्या शाळेत हत्तीच्या सोंडेची सिमेंटची घसरगुंडी आहे. वरच्या कठड्याच्या बोल्टात एका मुलीच्या ओळखपत्राची दोरी अडकली आणि ती खाली निघाली. मी पायरीवरच होते म्हणून धरली. तेव्हापासून गळ्यातलं सगळं काढल्याशिवाय एकीलाही वर सोडत नाही. आणि परभणीकर, पत्र्याचीच खरी कशावरून? बागेतली खेळणी बनवणारे चार्ल्स विकस्टीड यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये केटरिंगच्या बागेत बसवली ती लाकडी फळ्यांची होती.

परभणीकर: फळ्यांचं माहीत नव्हतं. पत्रा सावलीत हवा हेही मानतो. पण मोठ्या पोरांना उंची लागते, ती कापू नका.

जालन्याचा गुत्तेदार: उंची द्या, पण त्याच पुस्तिकेप्रमाणे ९ इंच वाळू ४ फुटांवरून पडण्यापर्यंतच पुरते. ६ फुटांना लाकडाच्या ढलप्या (वुड चिप्स) ९ इंच टाका, त्या चालतात. तुमच्या नव्या फायबरच्या खाली काय आहे?

परभणीकर: आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. गट्टूच आहेत. लेकरं जिथं उतरतात, नेमका तिथला एक उचकटून कोपरा वर आलाय. सकाळी काढून घेतो.