अनुभव धागा : एस्टोनियात काय पाहावं, कसं पोचावं, कुठे अडतं

मंडळी, बाल्टिक किनाऱ्यावरच्या तीन देशांपैकी एस्टोनिया सगळ्यात उत्तरेचा आणि सगळ्यात लहान. आकारानं महाराष्ट्राचा साधारण सातवा हिस्सा, वस्ती 13-14 लाखांची, निम्मी जमीन जंगलाखाली आणि बेटं दोन हजारांच्या वर. आपल्याकडचे बरेच लोक सकाळी फिनलंडच्या हेलसिंकीहून बोटीनं राजधानी तालिनला येतात, जुनं गाव पाहतात आणि संध्याकाळच्या बोटीनं परत जातात. त्यात देश पाहून होत नाही. इथली दलदल, बेटं आणि विद्यापीठाचं गाव तार्तू यांना वेळ द्यायलाच हवा.

तिथे राहणाऱ्या आणि तिथे नेहमी जाणाऱ्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. "फार सुंदर आहे" एवढंच लिहू नका. किती तास लागतात, कुठून बस मिळते, काय बंद असतं, कुठे फसगत होते ते लिहा. फोटो नसले तरी चालतील. खाली प्रत्येक प्रतिसादावर कोण कुठून लिहितंय ते दिलंय.

तालिनहून

जुन्या गावापासून सुरुवात करते. 1997 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. त्याचे दोन भाग : वर टेकडीवर टूम्पेआ, खाली व्यापाऱ्यांचं गाव. दोन्ही नीट पाहायला पूर्ण दिवस हवा.

उन्हाळ्यात क्रूझच्या मोठ्या बोटी लागतात. त्यांचे गट आधी वर टूम्पेआला नेतात आणि तिथून उतरत खाली आणतात. म्हणून दहा ते चारच्या मध्ये वरच्या दोन्ही सज्जांवर, कोहतुओत्सा आणि पातकुली, उभं राहायला जागा नसते. सकाळी नऊच्या आत वर जा, नाहीतर संध्याकाळी. जूनच्या शेवटी सूर्य साडेदहानंतर मावळतो, त्यामुळे घाई नसते. कोहतुओत्सावरून गाव पूर्वेला दिसतं. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं, संध्याकाळी कौलांवर पडतं. फोटो काढायचे असतील तर संध्याकाळच निवडा. पातकुलीवरून तटबंदी, बुरूज आणि मागे बंदर दिसतं. तिथून जिन्यानं खाली उतरलं की रेल्वे स्टेशन जवळच आहे.

खाली चौकात नगरगृह आहे, 1404 मध्ये पूर्ण झालेलं. समोर औषधाचं दुकान आहे, त्याची नोंद 1422 पासून सापडते. ते अजून चालू आहे, त्यामुळे डोकेदुखीची गोळी खरंच तिथे मिळते. ओलेविस्ते चर्चचा मनोरा जवळजवळ 124 मीटर उंच. त्यावर सुमारे 60 मीटरवर फिरायला कठडा आहे, पण जिना दगडी, गोल आणि इतका अरुंद की वर जाणारा आणि खाली येणारा यांना एकमेकांना अंग चोरून वाट द्यावी लागते. गुडघे दुखत असतील किंवा कोंदट जागेची भीती असेल तर नको. हिवाळ्यात तो बंद असतो.

रस्ते गोट्यांच्या फरशीचे आहेत. चाकांची बॅग ओढत हॉटेल शोधायची वेळ आली तर चाकं जातात. राहायची जागा तटाबाहेर, स्टेशन किंवा तेलिस्किवि या वस्तीच्या बाजूला घेतलीत तर हा त्रास वाचतो आणि भाडंही कमी पडतं. विमानतळ शहरापासून जेमतेम 4 किलोमीटरवर आहे, टॅक्सीची गरज नाही.

इथली बस-ट्राम फुकट आहे असं बरेच ठिकाणी वाचायला मिळतं. 2013 पासून ती फुकट आहे, पण फक्त शहरात नाव नोंदवलेल्या रहिवाशांना. पाहुण्यांना तिकीट लागतं. पुढच्या दारापाशी यंत्र असतं, त्यावर बँकेचं कार्ड टेकवायचं. प्रत्येकानं आपलं वेगळं कार्ड टेकवावं. विनातिकीट सापडलात तर "माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.

हेलसिंकीहून

एका दिवसाच्या फेरीबद्दल माझ्याकडून भर. समुद्र पार करायला दोन ते अडीच तास लागतात, अंतर 80 किलोमीटरच्या आसपास. तालिन बंदरात टर्मिनल वेगवेगळी आहेत, ए आणि डी. चुकीच्या टर्मिनलला गेलात तर परत चालत यावं लागतं आणि परतीची बोट सुटू शकते. तिकिटावरचं अक्षर आधी बघा, बोट सुटण्याच्या पाऊण तास आधी पोचा. दोन्हीकडून जुन्या गावाला पायी पंधरा-वीस मिनिटं.

शेंगेनमधला (आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट) प्रवास असला तरी पासपोर्ट जवळ हवाच, आणि फिनलंडचं राहण्याचं कार्डही. बोटीवर चढताना ओळखपत्र मागतात, अधूनमधून उतरल्यावर पोलीसही तपासतात.

एकच दिवस असेल तर दुपारनंतर जुनं गाव सोडून लेन्नुसदमला जा. हे समुद्री विमानांसाठी बांधलेलं जुनं हँगर. पहिल्या महायुद्धाच्या काळातलं काँक्रीटचं पातळ कवच, आत एकही खांब नाही. आता तिथे 2012 पासून सागरी संग्रहालय आहे. 1936 ची लेंबित पाणबुडी आत ठेवलीय, तिच्या पोटात उतरता येतं. बाहेर 1914 चा वाफेवरचा बर्फफोड्या जहाज सूर तोल्ल. तीन तास लागतात. मुलं बरोबर असतील तर चार धरा.

तालिनहून, दुसरा प्रतिसाद

संग्रहालयांचं एक : सोमवारी बरीच बंद असतात, हिवाळ्यात तर जास्तच. काद्रिओर्गचा राजवाडा (पीटर द ग्रेटनं 1718 मध्ये बांधायला घेतलेला) आणि त्याच्याजवळचं कुमु कलासंग्रहालय एकाच दिवशी होतात, मधे बागेतून पंधरा मिनिटं चालायचं. दिवसाला तीन-चार ठिकाणं करणार असाल तरच तालिन कार्ड परवडतं. त्यात बस-ट्रामही येते. नुसतं रस्त्यांवरून फिरणार असाल तर पैसे वाया.

विरू हॉटेलमध्ये सोव्हिएत काळातली केजीबी या गुप्तहेर संस्थेची चोरून ऐकण्याची खोली वरच्या मजल्यावर जपून ठेवलीय. ती फक्त मार्गदर्शकाबरोबर पाहता येते आणि इंग्रजी फेरीच्या जागा लवकर भरतात. जायच्या आधीच आरक्षण करा.

गायनोत्सवाचं मैदान चुकवू नका. 1869 मध्ये तार्तूला हा उत्सव सुरू झाला, आता साधारण दर पाच वर्षांनी तालिनला होतो. 1988 मध्ये याच मैदानावर लाखोंनी जमून बंदी असलेली गाणी म्हटली आणि देशाच्या स्वातंत्र्याची वाट तिथून मोकळी झाली. उत्सव नसताना मैदान मोकळं असतं. उतारावर सगळ्यात वर जाऊन बसा, मंचाच्या कमानीमागे समुद्र दिसतो. ज्या देशानं गाऊन स्वातंत्र्य मिळवलं, तिथे येऊन हे मैदान न पाहता जाणं मला पटत नाही.

एस्पोहून, दलदलीत भटकणारा

माझ्या मते एस्टोनियातलं सगळ्यात वेगळं काही असेल तर ती दलदल, इथे तिला राबा म्हणतात. लाहेमा राष्ट्रीय उद्यान 1971 मध्ये झालं, सोव्हिएत संघातलं ते पहिलं. त्यातली विरू राबा तालिनहून साधारण 50 किलोमीटर, नार्वाच्या हमरस्त्यावरून लोक्सा गावाकडे फाटा फुटतो तिथे. लोक्साच्या बसनं येऊन फाट्याजवळच्या "लोक्सा ते" (Loksa tee) नावाच्या थांब्यावर उतरायचं. फळ्यांची वाट साडेतीन किलोमीटर आहे, मधे लाकडी मनोरा. सावकाश दोन तास.

पायाखाली जमीन नसते हे लक्षात ठेवा. वर शेवाळ, खाली कित्येक मीटर पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर), आणि त्यात पाणीच जास्त. पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतं. एकानं फळीवरून उतरून पाय रोवला की तो खड्डा वर्षानुवर्षं भरत नाही, आणि माणूस गुडघ्यापर्यंत जातो तो वेगळा. खुरटे पाइन माणसाच्या उंचीचे दिसतात, पण त्यातले काही शंभरी ओलांडलेले असतात. अन्न मिळत नाही म्हणून खुजे राहतात. त्यांना धरून तोल सावरू नका.

पाऊस किंवा दव पडल्यावर फळ्या भयंकर निसरड्या होतात, गुळगुळीत तळव्याचे बूट चालत नाहीत. जून-जुलैत डास असतात. पहाटे धुकं असताना सगळ्यात सुंदर, पण त्या वेळी बस नसते, गाडीच लागते. काळ्या पाण्याच्या तळ्यात उतरायला एके ठिकाणी शिडी लावलेली आहे. पाणी आम्लधर्मी आणि चहाच्या रंगाचं, त्वचेला काही होत नाही. मात्र वर कोमट आणि अर्ध्या मीटरखाली बर्फासारखं थंड असतं. उडी मारू नका, शिडीनंच उतरा.

दलदल आणि गवत म्हटलं की गोचीड आली. एप्रिल ते ऑक्टोबर पायमोजे पँटवर ओढून घ्या आणि परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. या गोचिडी लाइम नावाचा आजार आणि मेंदूज्वर पसरवतात. मेंदूज्वराची लस आहे, लाइमची लस इथे दिली जात नाही. पंधरा दिवसांहून जास्त जंगलात फिरणार असाल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

लाहेमातच पाल्म्से आणि सागादी इथले जुने वाडे, आल्त्याचं कोळ्यांचं गाव, क्यास्मूचे हिमयुगात वाहत आलेले धोंडे आहेत. हे सगळं एका दिवसात गाडी असेल तरच होतं. वाटेत यागाला धबधबा लागतो, उंची 8 मीटर. वसंतात बर्फ वितळताना भरलेला, कडक थंडीत गोठलेला, ऑगस्टमध्ये मात्र चार धारा. ऑगस्टमध्ये त्यासाठी वाट वाकडी करू नये.

तार्तूहून

तार्तू तालिनहून 185 किलोमीटर, आगगाडी किंवा बस दोन ते अडीच तास. आगगाडीचं तिकीट आधी ऑनलाइन घेतलं तर थोडं स्वस्त पडतं.

विद्यापीठ 1632 चं. मुख्य इमारतीच्या माळ्यावर बेशिस्त विद्यार्थ्यांना कोंडायची खोली आहे, भिंतींवर त्यांनी काढलेली चित्रं अजून आहेत. टेकडीवरची जुनी वेधशाळा मराठी वाचकांनी आवर्जून पाहावी. इथून खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हनं नॉर्वेच्या टोकापासून काळ्या समुद्रापर्यंत 2,820 किलोमीटरची रेषा मोजवून घेतली, 1816 ते 1855. त्याच शतकात आपल्याकडे लॅम्बटन आणि एव्हरेस्ट हे इंग्रज मोजणी अधिकारी कन्याकुमारीपासून उत्तरेकडे तशीच रेषा मोजत होते, आणि ती विदर्भातून गेली. दोन्ही मोजण्या पृथ्वीचा खरा आकार शोधत होत्या. स्ट्रूव्हची रेषा 2005 पासून जागतिक वारसा आहे.

राष्ट्रीय संग्रहालय गावाबाहेर, राडीच्या सोव्हिएत लष्करी धावपट्टीच्या टोकाला. 2016 ची इमारत धावपट्टीच पुढे वर उचलली गेल्यासारखी बांधलीय. आतल्या पाट्या इलेक्ट्रॉनिक आहेत. तिकिटाचं कार्ड पाटीला टेकवलं की मजकूर तुमच्या भाषेत बदलतो. लोक तिकीट खिशात टाकतात आणि एस्टोनियन पाट्यांपुढे उभे राहतात. कार्ड हातातच ठेवा. चार तास कमी पडतात.

म्युनिकहून, गाडीनं बेटं फिरलेली

सारेमा बेटावर जायचं तर विर्त्सू ते कुइवास्तू फेरीबोट, सुमारे अर्धा तास. आधी मुहू बेट लागतं, तिथून समुद्रात घातलेल्या बांधावरून सारेमा. तालिनहून सारेमाच्या मुख्य गावाला, कुरेसारेला, थेट बसही आहे, चार तास, बस फेरीबोटीवर चढते. गाडी असेल तर फेरीबोटीचं आरक्षण हवंच. शुक्रवारी संध्याकाळी जाणारी आणि रविवारी संध्याकाळी परतणारी रांग लांब असते. एका रात्रीसाठी जाऊ नका, दोन तरी ठेवा.

कुरेसारेचा चौकोनी दगडी किल्ला आणि खंदक अर्धा दिवस. आंग्लाला पाच पवनचक्क्या आहेत, त्यातल्या चार जुन्या धाटणीच्या : वारा फिरला की शेपटीच्या दांड्यानं अख्खी चक्कीच फिरवायची. पांगाचा कडा 21 मीटर, कठडा नाही, मुलांचा हात धरा.

कालीचं उल्काविवर बघायला जाताना लोणार डोक्यात ठेवू नका. लोणार 1.8 किलोमीटर रुंद, काली फक्त 110 मीटर. पण भोवती आणखी लहान विवरं आहेत, उल्का फुटून तुकडे पडले म्हणून. शिवाय हा आघात काही हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे बेटावर माणसं राहत असताना झालेला. ते समजून पाहिलं तर अर्धा तास सार्थकी लागतो. कोरड्या उन्हाळ्यात तळं आटतं.

खूप कडक हिवाळ्यात समुद्रावर अधिकृत बर्फरस्ता उघडतात. दरवर्षी नाही. त्यावर गाडीत सीटबेल्ट लावायचा नसतो, म्हणजे बर्फ फुटला तर लगेच बाहेर पडता यावं. ताशी 25 ते 40 हा वेग टाळायचा, कारण त्या वेगाला गाडीखालच्या पाण्यात लाट तयार होते आणि बर्फ तडकतो. त्याहून हळू किंवा त्याहून जोरात, 70 पर्यंत. दोन गाड्यांत मोठं अंतर, आणि सूर्य मावळल्यावर बंद. भाड्याच्या गाडीचा विमा यावर चालतो का ते आधी विचारा.

पुण्याहून

व्हिसा शेंगेनचा, मोठ्यांना 90 युरो, 6 वर्षांपासून 12 च्या आतल्या मुलांना 45. आरोग्यविमा किमान 30,000 युरोचा. ज्या देशात रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी शिरणार तिथे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. चलन युरो आहे, आणि कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं.

डिसेंबरात जाणाऱ्यांसाठी : उजेड सव्वानऊ ते साडेतीन. अंधारात पायी चालणाऱ्याला परावर्तक बाळगणं कायद्यानं सक्तीचं आहे, त्याला हेल्कुर म्हणतात. किराणा दुकानात एक-दोन युरोला मिळतो. गाडीच्या दिव्याच्या उंचीवर, गुडघ्याच्या आसपास लोंबेल असा उजव्या बाजूला लावा. खांद्यावरच्या पिशवीला लावून उपयोग नाही.

जूनच्या 23-24 ला यानिपाएव हा मध्यउन्हाळ्याचा सण असतो, शहरं ओस पडतात, बरीच दुकानं-संग्रहालयं बंद. आदल्या दिवशी खायचं आणून ठेवा.

तालिनहून, शाकाहारींसाठी

तालिन-तार्तूत अडचण नाही. खेड्यात सूपमध्ये डुकराचं मांस गृहीत असतं, वाटाण्याच्या सूपमध्येसुद्धा. बटाटा-सातूचा मुल्गीपुदेर मागवताना वर खरपूस मांस घालू नका असं सांगावं लागतं : "इल्मा लिहाता". पाकिटावर सेआलिहा म्हणजे डुक्कर, कला म्हणजे मासा, मुना अंडं, जेलातीन म्हणजे जिलेटीन. दह्याच्या मिठाईतसुद्धा ते सापडतं. राय नावाच्या धान्याचा काळा पाव, चीज, ताकात कालवलेलं कामा (भाजलेल्या धान्याचं आणि वाटाण्याचं पीठ) आणि चॉकलेटचं कवच असलेला कोहुके (गोड मऊ पनीरची वडी) यांवर दिवस निघतो. नळाचं पाणी प्या. बाटली घेतलीच तर 10 सेंट अनामत असते, ती दुकानाबाहेरच्या यंत्रात परत मिळते.

पार्नूहून

पार्नूचा किनारा उथळ आहे, कमरेएवढं पाणी यायला बरंच चालावं लागतं, म्हणून लहान मुलांना उत्तम. जुलै-ऑगस्टमध्येच पोहण्याजोगा. जुन्या पुस्तकात तालिन-पार्नू आगगाडी लिहिलेली असेल तर ती 2018 च्या शेवटी बंद झाली, बसनं या, दोन तास.

खेड्यातल्या बसथांब्यावरचं वेळापत्रक वाचताना घोटाळा होतो. वेळेपुढे अक्षरं असतात, ती वारांची : ई सोमवार, टी मंगळ, के बुध, एन गुरू, आर शुक्र, एल शनी, पी रवी. ई-आर लिहिलेली बस शनिवारी येत नाही. थांब्यावर उतरल्या उतरल्या समोरच्या बाजूच्या थांब्यावर जाऊन परतीच्या शेवटच्या बसचा फोटो काढून घ्या.