नागपुरातच टमाटर एवढे महाग काहून?

महालकर:
काल नाशिकच्या बहिणीशी बोलत होतो. तिच्याकडे टमाटर २० रुपये किलो, मी गोकुळपेठेत ४० मोजून आलो. राज्य एकच, मग मधले २० कोणाच्या खिशात? सरळ दलाली आहे ही.

कॅरेटवाला:
गाडी काय हवेत उडत येते राजेहो? पारा ४५ वर गेला की कळमेश्वर-सावनेरचा टमाटर आटोपतो. मग संगमनेर, नाही तर पार आंध्रातल्या मदनपल्लेहून माल येतो. माझा धंदाच तो. परवा पहाटे कळमन्याच्या ठोक बाजारात २५ किलोचं कॅरेट घेतलं. घरी आणून उपसलं तर तळाचे ३ किलो चेपून पाणी सुटलेलं. ते पैसे कोणाला मागू? उरलेल्या २२ वरच चढवतो. हमाली, ऑटोचं भाडं वेगळंच. संध्याकाळी नरम पडलेला माल निम्म्या भावात काढतो, तेव्हा नाही कोणी धागा काढत.

महालकर:
चेपलेल्याचं मान्य. पण २०१६ मध्ये आडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली. ती तुम्ही आमच्याच किलोत घालता ना?

कॅरेटवाला:
घालतो. घरून भरू का?

सांभारवडी:
दोघंही अंतरावरच अडलात. संत्र्याचं काटोल इथून ६० किलोमीटर, म्हणजे संत्रा तरी नागपुरात स्वस्त पाहिजे होता. माझं माहेर तिकडचंच. मोठं, चकचकीत फळ बाहेरगावच्या ट्रकमध्ये जातं, बारीक आणि डागी आपल्या वाट्याला. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं तेव्हा बाबांच्या बागेचा भाव बसला. रस्ता काही लांबला नव्हता! गिऱ्हाईक कुठं आहे त्यावर भाव ठरतो.

कॅरेटवाला:
ताई, संत्रा आठ दिवस थांबतो. सांभार, म्हणजे कोथिंबीर, थांबतो का? मे महिन्यात दुपारी बारालाच जुडी मान टाकते. तोच सांभार थंडीत मी भाजीवर फुकट देतो, तेव्हाही गिऱ्हाईक हेच असतं.

महालकर:
मग थंडीत टमाटर नाशिकपेक्षा स्वस्त द्याल?

कॅरेटवाला:
छिंदवाड्याच्या गाड्या लागल्या की या पहाटे कळमन्यात. पण अख्खं कॅरेट उचला, पावभर नाही मिळत तिथं.

सांभारवडी:
२५ किलो टमाटर! महालकर, वहिनींना विचारलं का?