मदत हवी आहे: टर्बो गाडीला २६४ चा कॅम घेऊ की २७२ चा? गुरुवारच्या आत सांगा

केए२२_आरएस (मंगळवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. दोन कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) सेट बघून ठेवलेत, एक २६४ अंशांचा, एक २७२ चा. अंश जास्त म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा. २७२ ला लिफ्टही (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) थोडी जास्त आहे. किमतीत फार फरक नाही, त्यामुळे पैशांचं सोडा. मावसभाऊ रविवारी दुबईहून येतोय, तो बॅगेतून आणणार. पण त्याला गुरुवारपर्यंत कळवायला पाहिजे, नंतर तिथलं दुकान दोन दिवस बंद. प्रॉब्लेम एवढाच की ५५०० आरपीएमच्या पुढं गाडी दमते. गॅरेजवाला म्हणाला, कॅम बदल, शेवटपर्यंत ओढेल. कुठला घेऊ? आणि इथं बेळगावात उद्यमबागेत नीट बसवून देणारं कोण आहे?
"नवी गाडी घे" असले सल्ले नकोत. ते घरात रोज मिळतात.

निपाणीकर
गाडी कुठली ते तरी सांगा की ओ.

केए२२_आरएस
नावातच आहे की. आरएस.

निपाणीकर
आरएस म्हणजे आमच्याकडं पल्सर आरएस २००. तिला कसला टर्बो?

केए२२_आरएस
ऑक्टाव्हिया आरएस. २००५ ची, जुनी, १.८ टर्बो, २० व्हॉल्व्हवाली. आता सांगा. २६४ की २७२?

जुना_रॅलीवाला
२७२. डोळे झाकून. आमच्या वेळी एस्टीमला कॅम ग्राइंड करून घेतला होता. आयडलला अशी ढगढगायची की खडे बाजारातनं जाताना लोक दुकानातनं बाहेर यायचे. खाली काही नाही, पण ५००० नंतर जे उठायचं, त्याला तोड नव्हती. तरुण माणसानं २६४ घालायचा म्हणजे मिसळ मागवायची आणि तर्री नको म्हणायचं.

उद्यमबाग_लेथ
काका, एस्टीमला टर्बो नव्हता. टर्बो नसलेल्या इंजिनात जास्त ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असणं) चालतो, कारण बाहेर पडणारा एक्झॉस्टच ताजी हवा ओढून घेतो. टर्बोत एक्झॉस्टच्या वाटेत टर्बाइन बसलेलं असतं. गॅस त्याच्या अलीकडं तुंबतो. टर्बो लहान असेल तर वरच्या आरपीएमला तिथला दाब इनटेकमधल्या बूस्टपेक्षा (टर्बोनं भरलेल्या हवेच्या दाबापेक्षा) जास्त होतो. अशा वेळी दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवले, तर जळका गॅस उलटा आत घुसतो. मोरी तुंबलीय आणि तुम्ही नळ मोठा बसवायला निघालाय.

केए२२, नुसतं २६४ की २७२ याला उत्तर नाही. लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट कॅमच्या उंचवट्यांच्या शिखरांमधलं अंतर, अंशात) किती ते सांगा. इनटेक आणि एक्झॉस्टचे अंश मिळवा, निम्मे करा, त्यातून सेपरेशनची दुप्पट वजा करा. २७२-२७२ आणि सेपरेशन ११० असेल तर ओव्हरलॅप ५२ अंश. २६४-२६४ आणि ११४ असेल तर ३६. आणि हे अंश कुठल्या लिफ्टपासून मोजलेत? कुणी ०.१ मिमीपासून मोजतं, कुणी १ मिमीपासून. लोब तोच, पण आकड्यात तीस-चाळीस अंशांचा फरक पडतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघत असाल तर फसाल.

टर्बो कुठला? स्प्रिंग बदलणार का? ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर)? किलोमीटर किती झाले?

केए२२_आरएस
टर्बो आहे तोच.

उद्यमबाग_लेथ
चार प्रश्न विचारले, एकाचं उत्तर आलं.

चोर्ला_नाइट
सेपरेशनचं एवढं टेन्शन कशाला? कॅमला अ‍ॅडजस्टेबल पुली लावा, पाहिजे तेवढं सेपरेशन करून घ्या. माझ्या मित्राच्या गाडीला लावलीय.

उद्यमबाग_लेथ
मित्राची गाडी कुठली? या इंजिनात टायमिंग बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅम फिरवतो. इनटेक कॅम मागच्या बाजूनं छोट्या चेननं एक्झॉस्टला जोडलेला. पुढची पुली फिरवली की दोन्ही कॅम मिळून पुढं-मागं जाणार, मधलं सेपरेशन तेवढंच राहणार.

चोर्ला_नाइट
मित्राची होंडा आहे. ठीक आहे, मान्य. पण पुली लावली तर गाडी हलकी चालते हे नक्की.

उद्यमबाग_लेथ
नाही चालत.

सोलापुरी_चादर
कॅमशाफ्टसाठी दुबई कशाला? आमच्या सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स जगभरच्या गाड्यांना कॅम पुरवते. बेळगावातनं एका दिवसात जाऊन याल.

निपाणीकर
ती लाखांनी कॅम काढणारी फॅक्टरी. तुमच्या-आमच्या एका गाडीसाठी साचा उघडणार आहे होय?

सोलापुरी_चादर
माहिती म्हणून सांगितलं. अभिमान असू द्या जरा.

जुना_रॅलीवाला
मग आहे तोच कॅम ग्राइंड करून घ्या. उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घासणाऱ्यांना तोटा आहे काय?

उद्यमबाग_लेथ
काका, माझं पोट त्यावरच आहे म्हणून सांगतो. क्रँकची जर्नल गोल असते, ती घासणं वेगळं. कॅमला मास्टर (नमुन्याचा लोब) लागतो, आणि या गाडीचा मास्टर इथं कुणी ठेवत नाही. लोब उंच करायचा म्हणजे बेस सर्कल (लोबचा खालचा गोल भाग) बारीक करायचं. तेवढी जागा हायड्रॉलिक टॅपेटला (कॅम आणि व्हॉल्व्हमधला, तेलाच्या दाबावर चालणारा कप) भरून काढावी लागते आणि त्याचा प्रवास संपला की टकटक सुरू. कास्ट कॅमचा टणक थरही वरवरचाच असतो. तो घासून गेला तर पाच-सात हजार किलोमीटरमध्ये लोब चोखलेल्या पेपरमिंटसारखा होतो. असा एक माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून वापरतो.

जुना_रॅलीवाला
आमचा नाही झाला तसा.

उद्यमबाग_लेथ
तुमची गाडी महिन्यातून दोन रविवार बाहेर निघायची, काका.

कायदा_कलम
इंजिनात बदल म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेर गाडी बदलता येत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलंय. २००५ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनी आरसी नवीन केली असणार आणि ती पाचच वर्षांची मिळते. पुढच्या वेळी आरटीओनं बॉनेट उघडलं तर?

केए२२_आरएस
साहेब, कॅम झाकणाखाली असतो. आणि प्रश्न कॅमचा आहे.
लेथ साहेबांना: किमी १,३८,०००. ईसीयू गेल्या वर्षी पुण्यात रीमॅप केलाय (ताकद वाढवायला प्रोग्रॅम बदललाय), स्टेज १. स्प्रिंगचं गॅरेजवाला काही बोलला नाही. सेपरेशन बॉक्सवर लिहिलेलं नाही.

खानापूर_ऑइल
स्प्रिंगचं बोलला नाही म्हणजे त्यानं कॅम बदललेला नाही. २० व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे २० स्प्रिंग. लिफ्ट वाढली की स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसायला किती जागा उरते ते मोजावं लागतं. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागाही. लोक पिस्टनवर क्ले लावून इंजिन हातानं फिरवतात, पण हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेलाचा दाब नसला की तो दबतो आणि माप खोटं येतं. मोजण्यापुरते सॉलिड टॅपेट घालावे लागतात. या इंजिनाचा बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकतात, एवढी जवळजवळची कामं आहेत.

आणि चेन. ती मी स्वतः चुकवलीय. दोन्ही कॅमवर खाच असते, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत चेनचे १६ रोलर यायला पाहिजेत. मी दुपारच्या उन्हात मोजले, १५ झाले होते. गाडी सुरू झाली, पण घोरायला लागली. परत सगळं उघडलं. तेव्हापासून प्रत्येक रोलरवर खडूची खूण करतो.

निपाणीकर
पेट्रोल कुठलं घालता ते कुणी विचारलंच नाही. ९१ ऑक्टेनचं घालून रीमॅप चालवताय का? आमच्याकडं तर कोल्हापूरवाले कोगनोळी ओलांडून येतात टाकी भरायला, कर्नाटकात स्वस्त म्हणून. रविवारी पंपावर एमएच-०९ च्याच रांगा.

चोर्ला_नाइट
गोव्यात अजून स्वस्त. मी चोर्ल्यातनं उतरतो आणि साखळीला टाकी फुल करतो.

निपाणीकर
घाट चढून परत येताना वाचलेलं तेवढंच जळतं.

केए२२_आरएस (बुधवार, सकाळी ७:१५)
९५ घालतो. मंडळी, उद्या गुरुवार आहे. पेट्रोलचा धागा वेगळा काढा. कुणीतरी एक आकडा सांगा ओ.

उद्यमबाग_लेथ
सांगतो: कुठलाच नको. निदान आत्ता नको.
आहे त्या लहान टर्बोवर मूळ कॅमच बरा. मोठा कॅम घातलात तर ३००० च्या खालची ताकद जाणार, आणि वर टर्बोच हवा पुरवू शकत नाही म्हणून तिथंही फार काही मिळणार नाही. मोठा टर्बो, त्याला जोगता एक्झॉस्ट, इंजेक्टर, मग कॅम, आणि त्यावर पुन्हा मॅप. तेव्हा २६४ चा विचार करा. २७२ रोज काकतीपर्यंत ऑफिसला नेणाऱ्या गाडीचा नव्हे.
पण मला खटकतंय ते ५५००. रीमॅप झालेली ही गाडी तिथं एवढी दमायला नको. लॅपटॉप आणि केबल आहे का? ईसीयूच्या डेटात ब्लॉक ११५ मध्ये मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट दिसतं. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून ६००० पर्यंत एक ओढ काढा, रिकामा रस्ता बघून.

केए२२_आरएस (बुधवार, रात्री १०:०५)
भाच्याला शेजारी बसवून काढली. ३००० ला मागितलेलं २०००, मिळालेलं १८५०. ५५०० ला मागितलेलं १९५०, मिळालेलं १५५०. म्हणजे दीड बार आहे की! बूस्ट तर भरपूर आहे.

चोर्ला_नाइट
दीड बार! स्टॉक टर्बोवर! मित्राला दाखवतो.

उद्यमबाग_लेथ
थांबा. तो आकडा मिलिबारमध्ये आहे आणि बाहेरची हवा धरून आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर, इथं बाहेरच हवेचा दाब ९३० च्या आसपास. १५५० मधून ९३० गेले, राहिले ६२०. म्हणजे ०.६२ बार. ईसीयू मागतोय १ बारच्या वर. मधले ४०० कुठं जातायत? हवा गळतेय. आणि तुम्ही कॅम बघत बसलाय.

खानापूर_ऑइल
होय की. आधी डायव्हर्टर व्हॉल्व्ह (अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जास्तीची हवा परत फिरवणारा) बघा, आतलं रबर फाटतं. मग इंटरकूलरचे पाईप. पीव्हीसी पाईपची टोपी घ्या, मधे भोक पाडून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवा. टर्बोच्या आधीच्या नळीत ती टोपी घालून क्लॅम्प आवळा आणि टायरच्या पंपानं हवा भरा. आधी ब्रीदरची नळी (क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणारी) बंद करा, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये जाते. अर्धा बार पुष्कळ झाला, १ च्या वर जाऊ नका. आणि साबणाचं पाणी.

जुना_रॅलीवाला
आमच्या वेळी कानानं गळती कळायची.

केए२२_आरएस (गुरुवार, दुपारी २:३०)
अर्धी सुटी टाकली. टोपी हार्डवेअरमधनं पस्तीस रुपयांची, व्हॉल्व्ह पंक्चरवाल्यानं फुकट दिला, वर विचारलं, "पाईपचं पंक्चर काढताय काय?" अर्धा बार भरला आणि बॉनेटखाली साप फुत्कारल्यासारखा आवाज. भांड्याचा साबण बादलीत कालवून ओतला. उजव्या चाकापुढं, बंपरच्या आत, खालच्या नळीवर फुगेच फुगे, एकावर एक, मूठभर. क्लॅम्प अर्धाच आवळलेला आणि नळीचा तो तोंडाचा भाग तेलानं काळा. दीड वर्षापूर्वी बंपर रंगवायला काढला होता, तेव्हापासूनचं असणार. रंगवणारा तोच, ज्यानं कॅम घे म्हणून सांगितलं.
डायव्हर्टर व्हॉल्व्हही काढला. तोंडानं हवा ओढून जीभ लावली तर धरून ठेवत नाही.
क्लॅम्प आवळून परत ओढ काढली. ५५०० ला १८२०. गाडी वेगळीच वाटतेय ओ.

उद्यमबाग_लेथ
व्हॉल्व्ह बदला, उरलेलंही येईल. भावाला कळवलं का?

केए२२_आरएस
कळवलं. कॅम राहू दे, डायव्हर्टर व्हॉल्व्ह आण म्हटलं. तो म्हणाला, बरं झालं, कस्टममध्ये लोखंडाचे दांडे कशाला म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होतो? मोकळ्या झालेल्या जागेत मावशीसाठी बदाम आणतोय.

जुना_रॅलीवाला
तरी २७२ पाहिजे होता.

निपाणीकर
ती टोपी किती इंची घेतली?

केए२२_आरएस
मोजली नाही. नळीच घेऊन गेलो दुकानात.